वाचकांचे प्रश्न : इलेक्ट्रिक गिटार, ॲम्प आणि मंचावरचा आवाज

इलेक्ट्रिक गिटारच्या साहित्याविषयी प्रश्न पाठवा, असे आवाहन गेल्या अंकात केले होते. त्याला घरी हौसेने वाजवणाऱ्यांनी आणि लग्नसराईत, उत्सवात कार्यक्रम करणाऱ्यांनी सारख्याच उत्साहाने प्रतिसाद दिला. एकाच विषयावरची पत्रे एकत्र करून त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमचा हिंदी-मराठी गाण्यांचा ऑर्केस्ट्रा आहे. आमच्यातले ज्येष्ठ वादक ट्यूब (काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणाऱ्या) ॲम्पशिवाय खरा आवाज येतच नाही असे म्हणतात, तर नवी मुले मल्टिइफेक्ट (अनेक इफेक्ट एकाच पेटीत देणारे उपकरण) थेट मिक्सरला जोडतात. मी मल्टिइफेक्ट वापरतो. घरी बसवलेले आवाज फार सुंदर वाटतात, पण कार्यक्रमात गिटार दबून जाते. ट्यूब ॲम्प घ्यावा का? (एक वाचक, ठाणे)

तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. गिटार दबून जाते याचा दोष मल्टिइफेक्टचा नाही, तर आवाज घरी, हळू आवाजात बसवला गेला याचा आहे. आवाज लहान असताना माणसाच्या कानाला खर्जातले आणि अगदी वरचे ध्वनी कमी ऐकू येतात, आणि आवाज वाढवला की तेच ध्वनी पटकन पुढे येतात, हे फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९३३ साली मोजून दाखवले. घरी रात्री हेडफोनवर किंवा छोट्या स्पीकरवर बसले की हात आपोआप बास आणि ट्रेबल वाढवतो, मिडल कमी करतो आणि वर भरपूर रिव्हर्ब (घुमाऱ्याचा परिणाम) घालतो. तोच प्रीसेट (साठवून ठेवलेली आवाजाची जुळणी) मंचावर मोठ्या आवाजात लावला की खर्ज घुमतो, वरचा भाग टोचतो आणि गिटारला ओळख देणारा मधला भाग नाहीसा होतो. शिवाय तुम्ही वाढवलेला खर्ज बास गिटार, ड्रमची किक आणि ढोलकी यांच्या जागेत जातो, आणि वरचा भाग झांजांच्या व गायकाच्या उच्चारांच्या जागेत. गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ८२ हर्ट्झवर वाजते, बास गिटारची ४१ वर. त्यामुळे १०० हर्ट्झच्या खाली तुमचे फारसे काही अडलेले नसते.

तेव्हा पहिले काम असे करा : तालमीच्या खोलीत, सगळा वाद्यवृंद वाजत असताना आणि कार्यक्रमाच्या जवळपासच्या आवाजात प्रीसेट पुन्हा बसवा. ८० ते १०० हर्ट्झच्या खालचे आणि ६ किलोहर्ट्झच्या वरचे कापा, मिडल वाढवा, गेन (आवाज फाटण्याचे प्रमाण) तुम्हाला वाटतो त्याहून कमी ठेवा. एकट्याने ऐकताना हा आवाज नाकातला आणि कोरडा वाटेल. दोन कीबोर्डांच्या गर्दीत तोच स्पष्ट ऐकू येईल. आयबानेझ कंपनीचे हिरवे ट्यूब स्क्रीमर पेडल इतकी वर्षे टिकून आहे, त्याचे मोठे कारण ते ७०० हर्ट्झच्या आसपासचा भाग पुढे ढकलते हेच आहे. एक गोष्ट मुद्दाम तपासा. गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या पुढे झपाट्याने मंदावतो, म्हणून डिस्टॉर्शन (मुद्दाम फाडलेला आवाज) त्यातून ऐकताना गोड लागते आणि थेट मिक्सरमधून गेले की करकरते. मिक्सरला जोडताना कॅब सिम्युलेशन (गिटारच्या स्पीकरची नक्कल) चालू हवे, गिटारच्या ॲम्पला जोडताना बंद हवे. आवाज बिघडल्याच्या कितीतरी तक्रारींचे मूळ या एका बटणात सापडते.

आता ट्यूब ॲम्पविषयी. तुमच्या ज्येष्ठ वादकांचे म्हणणे हट्टाचे नाही. मागे ठेवलेला ॲम्प हवा ढकलत असतो, पिकच्या प्रत्येक जोरकस आघाताला तो वेगळे उत्तर देतो आणि गिटारवरचा व्हॉल्यूम किंचित कमी केला की आवाज स्वच्छ होतो. त्या अनुभवावर माणसाचे वाजवणे पोसलेले असते. पण प्रेक्षकांना तो ॲम्प ऐकू येत नाही, त्यांना सभागृहाचे स्पीकर ऐकू येतात. मोठ्या ॲम्पचा आवाज गायकाच्या माइकमध्ये शिरतो आणि मिक्सरवर बसलेल्या माणसाच्या हातात काही उरत नाही. वॅटचा मोहही सोडावा : शक्ती दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे १०० वॅटचा ॲम्प ५० वॅटच्या ॲम्पपेक्षा थोडासाच मोठा. तेवढाच फरक ९७ डेसिबल क्षमतेच्या स्पीकरच्या जागी १०० डेसिबलचा स्पीकर बसवूनही पडतो. फेंडरचा डीलक्स रिव्हर्ब अवघ्या २२ वॅटचा आहे आणि ड्रमसोबत वाजवताना पुष्कळांना तो पुरतो. उलट ट्यूब म्हणजेच उत्तम असेही नाही. रोलंडचा जेसी-१२० हा १९७५ सालचा ट्रान्झिस्टरचा ॲम्प स्वच्छ आवाजासाठी आजही मागून घेतला जातो.

माझे मत स्पष्ट आहे. एका रात्रीत चार दशकांची गाणी वाजवणाऱ्या ऑर्केस्ट्रात मल्टिइफेक्टच योग्य. हातात पैसे असतील तर ते चांगल्या मंचीय मॉनिटरवर (वादकाला स्वतःचा आवाज ऐकवणाऱ्या स्पीकरवर) खर्च करा. ट्यूब ॲम्प घ्यायचाच असेल तर स्वतःच्या आनंदासाठी, ५ ते १५ वॅटचा घ्या.

प्रश्न : माझ्याकडे सुरुवातीच्या किमतीची स्ट्रॅट (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर) पद्धतीची गिटार आणि १० वॅटचा छोटा ॲम्प आहे. वाजवताना हात दुखतो आणि वरच्या फ्रेटवर सूर चुकतो. मित्र गिटार बदल म्हणतात. आधी काय बदलू? (एक वाचक, पुणे)

आधी काहीच बदलू नका, गिटारचे सेटिंग करून घ्या. हात दुखणे आणि वर सूर चुकणे ही दोन्ही लक्षणे बहुतेक वेळा न जुळवलेल्या गिटारची असतात, आणि तुमची गिटार पेटीतून निघाली तशीच वाजत असावी असे पत्रावरून वाटते.

तपासणी घरी करता येते. नव्या तारा लावून गिटार सुरात मिळवा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सर्व तारा दाबून धरणारी चिमटी) लावा, सर्वांत जाड तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांच्यातली फट पाहा. ती साधारण पाव मिलिमीटर असावी, म्हणजे साधे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी. फट जास्त असेल तर नेक पुढे वाकली आहे. ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा वाक बदलणारी सळई) घड्याळाच्या काट्याच्या दिशेने अगदी थोडा, पाव फेऱ्यापेक्षा कमी, फिरवा आणि पुन्हा सुरात मिळवून मोजा. रॉड अडला तर जोर न लावता कारागिराकडे जा. त्यानंतर कॅपो काढून सतराव्या फ्रेटपाशी तारांची उंची दीड मिलिमीटरच्या आसपास आणा. शेवटी बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला फक्त स्पर्श करून काढलेला स्वर) आणि त्याच फ्रेटवर दाबलेला स्वर ट्यूनरवर ताडून पाहा. दाबलेला स्वर चढा असेल तर ब्रिजवरचे सॅडल (तार टेकते तो छोटा भाग) मागे सरकवा, उतरता असेल तर पुढे आणा. क्रम महत्त्वाचा आहे : नेक, मग उंची, मग सॅडल. उलट क्रमाने गेलात तर एक जुळवताना दुसरे बिघडते.

स्ट्रॅटवाल्यांनी आणखी एक पाहावे. सिंगल कॉइल पिकअपची (तारेचे कंपन टिपणाऱ्या, एकाच वेटोळ्याच्या भागाची) चुंबके तारांच्या फार जवळ असली तर ती तारेला खेचतात, जाड तारांवर वरच्या भागात स्वर डुगडुगतो आणि कितीही जुळवले तरी सूर लागत नाही. तार शेवटच्या फ्रेटवर दाबून पिकअपपासून सुमारे २ मिलिमीटर अंतर ठेवा. पिकअप खाली घेण्यासाठी दोन स्क्रू फिरवावे लागतात, खर्च काही नाही.

हे झाल्यावरही मन भरले नाही तर गिटारच्या आधी ॲम्प बदला. १० वॅटच्या ॲम्पमधला सहा इंची स्पीकर कोणत्याही महागड्या गिटारला लहान करून टाकतो, तर बऱ्यापैकी ॲम्प आणि दहा किंवा बारा इंची स्पीकर मिळाला की तुमची आहे तीच गिटार पुष्कळ खुलते. दुकानात जाताना स्वतःची गिटार घेऊन जा आणि ॲम्प तिच्यावरच ऐका.

प्रश्न : उन्हाळ्यात माझ्या गिटारच्या फ्रेटची टोके हाताला कापतात. (नागपूर) पावसाळ्यात तारा महिनाभरही टिकत नाहीत आणि पिशवीला बुरशी येते. (रत्नागिरी)

ही दोन पत्रे एकाच पाकिटात आल्यासारखी आहेत, कारण दोन्हींचे मूळ हवेतल्या ओलाव्यात आहे. लाकूड ओलावा घेते तेव्हा फुगते आणि सोडते तेव्हा आकसते. फ्रेटची धातूची पट्टी मात्र होती तेवढीच राहते. नागपूरच्या एप्रिल-मे महिन्यांत फिंगरबोर्ड आडवा आकसतो आणि फ्रेटची टोके कडेने बाहेर डोकावतात. कारागीर ती बारीक कानशीने घासून गोल करून देतो. एकदा नीट घासून घेतली की पुढच्या उन्हाळ्यात त्रास पुष्कळ कमी होतो. विदर्भात एक गोष्ट जपायला हवी. कूलर लावलेल्या खोलीत ओलावा खूप वाढतो, कूलर बंद झाला की काही तासांत हवा पुन्हा कोरडी होते, आणि रोजच्या या चढउताराने लाकडाला सततच्या कोरडेपणापेक्षा अधिक त्रास होतो. कूलरच्या झोतासमोर स्टँडवर गिटार ठेवू नये. ती कठीण पेटीत बंद असावी. हवेतला ओलावा ४५ ते ५५ टक्के असणे उत्तम, आणि तो दाखवणारे छोटे हायग्रोमीटर पेटीत ठेवता येते.

कोकणातले दुखणे उलटे. तिथे कापडी पिशवी स्वतःच ओल धरून ठेवते, म्हणून पावसाळ्यात गिटार पिशवीत महिनोन्‌महिने ठेवण्यापेक्षा भिंतीपासून दूर, हवेशीर जागी ठेवून रोज वाजवलेली बरी. पेटीत ठेवायची असेल तर रंग बदलणारी सिलिका जेल ठेवा आणि रंग बदलला की ती तापवून पुन्हा वापरा. तारांना गंज चढतो तो घामातल्या मिठामुळे आणि ओलाव्यामुळे. वाजवून झाल्यावर सुती फडके तारांच्या वरून आणि खालूनही फिरवावे. खालचा भाग बहुतेक जण विसरतात आणि गंजाची सुरुवात तिथेच होते. लेप दिलेल्या तारा महाग असतात, पण जुलै-ऑगस्टमध्ये किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी त्या घ्याव्यात असे मी आग्रहाने सांगेन. ऋतू बदलला की नेकची फट पुन्हा मोजावी, कारण ओलाव्याने फिंगरबोर्ड फुगला की नेक मागे वाकते आणि तारा फ्रेटवर खरखरू लागतात.

प्रश्न : मंगल कार्यालयात वाजवताना गिटारमधून मोठी घरघर येते. कधी कधी माइकला ओठ लागला की झटका बसतो. साउंडवाल्याने ॲम्पच्या प्लगची जाड पिन काढून टाकायला सांगितले आणि घरघर थांबलीही. हे बरोबर आहे का? (एक वाचक, सांगली)

नाही. ती पिन आजच परत बसवा. या अंकातल्या सगळ्या प्रश्नांत हा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण येथे आवाजाचा नव्हे, जिवाचा प्रश्न आहे. तुमच्या गिटारच्या तारा ब्रिजमार्गे ॲम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात आणि माइकची जाळी मिक्सरच्या अर्थिंगला. दोन्हींपैकी एकाचे अर्थिंग तुटले आणि त्या उपकरणात बिघाड झाला, तर हातात तारा व ओठाशी माइक असलेला माणूस या दोहोंमधला पूल होतो. स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वी १९७२ साली स्वानसी येथे मंचावर अर्थिंग नसलेल्या माइकला हात लावताच मरण पावला. आपल्याकडे तर वीज २३० व्होल्टची आहे आणि मांडवात तात्पुरती वायरिंग असते.

पुढच्या कार्यक्रमापासून काही नियम पाळा. मंचावरच्या सर्व वाद्यांना आणि मिक्सरला एकाच बोर्डावरून, एकाच फेजवरून वीज घ्या. प्रकाशयोजनेचा बोर्ड वेगळा असू द्या. ३० मिलिॲम्पिअरचे आर.सी.सी.बी. (वीजगळती होताच वीज तोडणारा स्विच) असलेला स्वतःचा एक्स्टेन्शन बोर्ड बाळगा. गायकाने माइकपाशी उभे राहण्यापूर्वी तारा आणि माइकची जाळी यांच्यातला व्होल्टेज मल्टिमीटरने मोजा. तो शून्याच्या जवळ असायला हवा. दोन पिनांच्या ॲडॉप्टरवर चालणाऱ्या उपकरणांमुळे हलक्या झिणझिण्या येऊ शकतात, पण मोठा आकडा दिसला तर कारण सापडेपर्यंत वाजवणे सुरू करू नये. यजमान घाई करत असले तरी हे थांबणे तुमचा हक्क आहे.

घरघरीवर सुरक्षित उपाय आहेत. ॲम्प आणि मिक्सर जोडल्यावरच आवाज येत असेल तर तो अर्थिंगचा फेरा आहे, मध्ये डी.आय. बॉक्स (वाद्याचा संकेत मिक्सरला पोचवणारी पेटी) घालून त्याचे ग्राउंड लिफ्ट बटण दाबा. ते फक्त ध्वनीच्या तारेतले ग्राउंड तोडते, विजेच्या अर्थिंगला धक्का लावत नाही. तुम्ही जागेवर हळूहळू वळलात आणि घरघर कमी-जास्त झाली तर ती सिंगल कॉइल पिकअप पकडत आहे. दिव्यांचे डिमर आणि स्वस्त एल.ई.डी. पार (मंचावरचे रंगीत दिवे) हे तिचे नेहमीचे उगम. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ साली दोन कॉइल उलट जोडून हंबकर घडवला तो याच त्रासावर. अशा कार्यालयांत नेहमी वाजवत असाल तर निदान ब्रिजच्या जागी हंबकर असलेली गिटार सोबत ठेवा. आणि पेडलांतून बारीक शिट्टीसारखा आवाज येत असेल तर एकाच ॲडॉप्टरवरून डिजिटल डिले आणि ओव्हरड्राइव्ह दोन्ही चालत आहेत का ते पाहा. वेगवेगळे, एकमेकांपासून तोडलेले आउटपुट देणारा पॉवर सप्लाय हा नव्या पेडलापेक्षा चांगला खर्च आहे.

प्रश्न : अल्डर, ॲश, महोगनी यांवरून आमच्या गटात नेहमी वाद होतो. लाकडाने इलेक्ट्रिक गिटारचा आवाज खरोखर बदलतो का? (एक वाचक, मडगाव)

अकूस्टिक गिटारमध्ये लाकूड हेच ध्वनी बाहेर टाकते. इलेक्ट्रिक गिटारमध्ये पिकअप तारेची हालचाल चुंबकीय क्षेत्रातून टिपतो, त्यामुळे लाकडाचा वाटा तारेच्या कंपनावर जो काही परिणाम होईल तेवढाच उरतो. पिकअप, त्याची उंची, तारा, स्केल (तारेची वाजणारी लांबी), व्हॉल्यूमचा पॉट (फिरवायचे बटण) आणि सर्वांत जास्त म्हणजे स्पीकर यांच्यापुढे तो फार लहान आहे, असे माझे ठाम मत आहे. सहा मीटर लांबीची साधी केबल आवाजाचा वरचा भाग जितका मऊ करते, तितका फरक दोन लाकडांत ओळखून दाखवणारे कान मला भेटलेले नाहीत. फेंडरचे २५.५ इंची स्केल आणि गिब्सनचे २४.७५ इंची स्केल यांतला फरक मात्र पहिल्याच बेंडला (तार ओढून स्वर चढवताना) बोटांना कळतो.

लाकूड निवडावे ते वजनासाठी आणि टिकाऊपणासाठी. चार किलोहून जड लेस पॉल गिटार तीन तास खांद्यावर घेतल्यावर वाजवण्यात जो फरक पडतो तो श्रोत्यालाही ऐकू येतो. आणि जगभरच्या असंख्य गिटारींचा फिंगरबोर्ड ज्या इंडियन रोजवुडचा असतो, ते आपले शिसव. २०१७ साली शिसवाच्या कुळातल्या सर्व जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले, तेव्हा अनेक कंपन्या दुसऱ्या लाकडांकडे वळल्या. २०१९च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. त्या काळातली पाऊ फेरो किंवा लॉरेल या पर्यायी लाकडाच्या फिंगरबोर्डची गिटार वापरलेल्या बाजारात मिळाली तर केवळ त्या कारणाने नाकारू नका.

प्रश्न : जाड तारांनी आवाज भारदस्त होतो असे म्हणतात. ९ चा संच (सर्वांत बारीक तार ०.००९ इंच जाडीची) सोडून ११ चा घ्यावा का? (एक वाचक, कोल्हापूर)

अमेरिकी गिटारवादकांपैकी स्टीव्ही रे वॉन १३ च्या तारा अर्धा स्वर उतरवून वाजवत, बिली गिबन्स ७ च्या बारीक तारांवर वाजवतात, आणि आवाज दोघांचाही भरदार. पूर्ण स्वराचा बेंड दर वेळी नेमका सुरात लागतो असा सर्वांत जाड संच तुमचा. बहुतेकांसाठी तो ९ किंवा १० चा असतो. संच बदलला तर नेकची फट आणि सॅडल पुन्हा जुळवावी लागतात, हे विसरू नका.

प्रश्न : न्यू जर्सीला राहणारा भाऊ दिवाळीला येताना त्याचा ट्यूब ॲम्प माझ्यासाठी आणणार आहे. इथे चालेल का? (एक वाचक, नाशिक)

आधी भावाला ॲम्पच्या मागची पाटी वाचायला सांगा. तिथे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ एवढेच लिहिले असेल तर तो आपल्या सॉकेटला थेट जोडल्यावर क्षणात जळेल. २३० चे १२० करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागेल, आणि तो निवडताना ॲम्पचा आउटपुट वॅट न पाहता तो वीज किती खेचतो हे पाहायचे. २२ वॅटचा ट्यूब ॲम्पही १०० वॅटच्या वर वीज घेऊ शकतो, म्हणून ३०० व्ही.ए.च्या (व्होल्ट-ॲम्पिअर) खाली जाऊ नये. ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही बाजूंना तिसरी पिन असावी आणि अर्थिंग सलग जोडलेले असावे, हे दुकानातच मीटर लावून पाहा.

स्टेप-डाउनने व्होल्टेज बदलते, वारंवारता बदलत नाही. फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेला ॲम्पच्या आतला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर अधिक तापतो. जुन्या ॲम्पच्या बाबतीत जाणकार तंत्रज्ञाकडून तो एकदा तपासून घ्यावा आणि सुरुवातीला तासाभराने हात लावून तापमान पाहावे. मागे व्होल्टेजचा स्विच असलेले किंवा निर्यातीसाठी बनवलेले ॲम्पही असतात. तसा असेल तर स्विच २३० वर नेऊन पाटीवर लिहिलेल्या आकड्याचा फ्यूज बसवला की झाले. प्रवासात ट्यूब काढून, प्रत्येकीवर तिच्या सॉकेटचा क्रमांक लिहून, हातातल्या सामानात कपड्यांत गुंडाळून आणायला सांगा. आणि स्पीकर जोडल्याशिवाय ॲम्प चालू करू नका. त्याने आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि त्या मॉडेलचा दुसरा इथे मिळणे सोपे नसते.